कंपनीचं रबर

केसरबाईंना दोनदा बसा म्हटलं तरी त्या बसल्या नाहीत. कडेवर सात-आठ महिन्यांचं मूल, त्याच्या कपाळावर काजळाची ठळक तीट, आणि मुठीत घामानं मऊ पडलेली एक पावती. माडीवर येताना चपला त्यांनी खाली जिन्याशीच काढून ठेवल्या होत्या.

“माझ्या मालकांनी माणूस मारलं नाही साहेब,” त्या म्हणाल्या. “तेवढं तुम्ही शोधून द्या.”

मुकुंदरावांनी उठून खुर्ची पुढे सरकवली. “लेकरू जड आहे. त्याच्यासाठी तरी बसा.”

मग त्या बसल्या, खुर्चीच्या अगदी कडेला.

मुकुंदराव पूर्वी एका विमा कंपनीसाठी मोटारींच्या अपघातांची पाहणी करत. आता नामपल्ली स्टेशनसमोरच्या या माडीवर बसून लोकांनी आणलेली कोडी सोडवत. खिडकीतल्या आरामखुर्चीत त्यांचे बालमित्र दत्तात्रय मास्तर शाळा सुटल्यावर येऊन बसत, चहा पीत, आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत.

“निवृत्ती म्हणजे तुमचे मालक? नौबत पहाडाच्या अपघातातले मिस्त्री?”

“हौ.” बाईंनी मुलाच्या तोंडातलं पदराचं टोक काढलं. “नरहरराव साहेबांची गाडी. बारा तारखेला शुक्रवारी मालकांनी तिच्या ब्रेकात नवं रबर बसवलं. कंपनीचं. सतरा तारखेला उतारावर ब्रेक लागला नाही, गाडी दगडी भिंतीवर गेली. साहेबांचा हात मोडला. त्यांच्या मंडळी सुशीलाबाई गेल्या. फार चांगल्या होत्या हो. मालकांना खुर्ची द्यायच्या. घरातल्याच कपात चहा.”

“आणि पोलीस म्हणतात, रबर बाजारचं निघालं.”

“कंपनीचे पैसे घेऊन बाजारचं घातलं म्हणतात. मालक तसे नाहीत जी. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. आरसा बाजारचा घ्या, चाकाचं झाकण बाजारचं घ्या, काय फरक पडत नाही. ब्रेकचं रबर मात्र कंपनीचं, नाहीतर दुसऱ्या मिस्त्रीकडं जा.”

“मग नागपूरला पळाले कशाला?” दत्तात्रयांनी विचारलं.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “दसऱ्याला दीक्षा होती मास्तर. आमचे सगळेच गेले. लेकरू तान्हं म्हणून मी राहिले. येताना गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, दोन दिवस उशीर झाला. अठराला ह्या समोरच्या स्टेशनात उतरले, तिथंच धरलं. पळालेला माणूस परत येतो का?”

दत्तात्रयांनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता.

“एक तारखेला आपलं राज्य मोडतंय, वाटण्या होतायत,” केसरबाई हळू म्हणाल्या. “साहेबांची बदली औरंगाबादला, मुंबई राज्यात. एकतीसची गाडी. एकदा ते गेले, कागद इकडचे तिकडं झाले, की माझ्या माणसाला कोण विचारणार?”

मुकुंदरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ऑक्टोबरची तेवीस.

*

ठाण्याच्या कोठडीत निवृत्ती भिंतीला टेकून बसला होता. मुकुंदरावांना बघून उठला, आणि पहिला प्रश्न त्यानेच विचारला. “साहेबांची मुलगी कशी आहे?”

“तिला लागलेलं नाही. ती त्या दिवशी घरी होती.”

त्याने मान हलवली.

“रबर तुम्ही कुठून आणलं?”

“कोठी मोहल्ल्यात, हिम्मतरावांच्या दुकानातून. डबीचं सील माझ्या हातानं फोडलं. काढलेलं जुनं रबर आणि रिकामी डबी बाईंच्या हातात दिली. माझी पद्धत आहे ती. काढलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे मागून बोलणं नको.”

“चाकांमधली रबरं?”

“त्यांना हात लावला नाही. गाडी नवी आली तेव्हाचीच. मुख्य पंपाचंच झिजलं होतं.”

“काम पूर्ण झालं होतं?”

निवृत्तीने गज धरले. “तेलाची टाकी अर्धी राहिली होती. ब्रेकचं तेल गावात कुठंच नव्हतं. तेवढ्यावर गाडी चालते, धोका नाही. पण मनाला बरं वाटेना. बाईंना टाकी दाखवली, म्हटलं सोळा तारखेला येतो आणि भरतो.”

“आणखी काय सांगितलंत त्यांना?”

निवृत्तीने गजांवरचा हात काढून घेतला. “बाई गेल्या साहेब. गेलेल्या माणसाच्या नावावर मी काय बोलू?”

आणि तो पुन्हा भिंतीला टेकून बसला.

“दाल में काला है,” बाहेर येताना दत्तात्रय म्हणाले. “लपवतोय.”

“लपवतोय हे खरं. स्वतःसाठी लपवतोय असं वाटत नाही.”

ठाण्याच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, पंचनामा दाखवला. सुवाच्य अक्षरातलं एक वाक्य मुकुंदरावांनी वहीत उतरवून घेतलं: ‘ब्रेकच्या तेलाची टाकी काठोकाठ भरलेली आढळली, सबब तेल गळालेले नाही.’ मग अमीनसाहेबांनी कागदाची पुडी उघडली. आत छोट्या वाटीच्या आकाराचं काळं रबर होतं, फुगलेलं, बुळबुळीत, काठ आत दुमडलेला.

“बघा, शिक्का आहे कुठं? कंपनीच्या मालावर आतून शिक्का असतो. हिम्मतरावानंच सांगितलं.”

“चाकं उघडली होती का?”

“कशाला? नवं रबर तर पंपात होतं.”

“आता उघडू या.”

अंगणात चेपलेली काळी मोटार उभी होती. डाव्या बाजूचं दार आत गेलेलं. आतल्या सीटखाली लाल मण्यांची एक केसांची पिन पडलेली होती. ती मुकुंदरावांनी उचलली नाही. दुसऱ्या गॅरेजमधून आणलेल्या मिस्त्रीने चाकं काढली. चाकातल्या पंपांमधली रबरं हातानं निघेनात, चिमटा लावून ओढावी लागली. तीही तशीच फुगलेली, बुळबुळीत. शिक्का एकावरही नव्हता.

“म्हणजे चारही चाकांत त्यानं बाजारचाच माल भरला होता,” दत्तात्रय म्हणाले. “आता सुटत नाही बिचारा.”

मुकुंदरावांनी फक्त विचारलं, “ही चाकं यापूर्वी कधी उघडली होती?”

मिस्त्रीने बोल्टवरचा गंज नखानं खरवडला. “उघडली नाहीत साब. सात वर्षांचा गंज आहे. आत्ता मीच तोडला.”

*

कोठीच्या गल्लीत हिम्मतरावांचं दुकान म्हणजे एका माणसाला आडवं उभं राहता येईल एवढी फट. वरपर्यंत डब्या. एका बाजूला चकचकीत छापील, दुसऱ्या बाजूला कोऱ्या पुठ्ठ्याच्या.

“ही विलायतेची, ही बाजारची,” हिम्मतराव म्हणाले. “किमतीत पाचपट फरक. लोक विचारतात, कोणती घेऊ? मी विचारतो, गाडीत कोण बसणार? नोकर बसणार तर ही, बायको बसणार तर ती.” ते हसले आणि कुणीच हसत नाही हे बघून गप्प झाले. “माफ करो साब. जीभ है.”

“छापील डबीत बाजारचा माल घालून विकणारे असतात,” केसरबाईंची पावती पुढे ठेवत मुकुंदराव म्हणाले.

“असतात. मी नाही. माझं नाव बघताय ना पावतीवर? कैकू बुडवू?” त्यांनी एक छापील डबी फोडून रबर पुढे केलं. आतल्या काठाला बारीक उठावाचा शिक्का होता. “हे बघा. बोटाला लागतो. बाजारवाल्याला एवढं बारीक काम जमत नाही.”

“ब्रेकचं तेल आहे?”

“कालच मद्रासहून आलं. त्याआधी दहा दिवस एक थेंब नव्हता. सगळ्या गावात नव्हता. निवृत्ती इथंच कपाळ धरून बसला होता.”

मुकुंदरावांनी एक कंपनीचं रबर घेतलं, एक बाजारचं घेतलं, आणि ब्रेकच्या तेलाची बाटली. मग दाराशी वळून म्हणाले, “दोन्ही रबरं आणखी एकेक द्या.”

*

नरहररावांचं घर काचीगुड्याला. व्हरांड्यात बांधलेल्या पेट्या, त्यांवर खडूनं ‘औरंगाबाद’ लिहिलेलं. घरात सुतक होतं. डावा हात झोळीत अडकवून नरहरराव टेबलापाशी बसले होते. टेबलावर फाइली, आणि मध्ये पितळी झाकणाची मोठी दऊत.

“मला सूड नको आहे,” ते म्हणाले. आवाज कोरडा होता. “पण माणसानं पैसे कंपनीचे घ्यावेत आणि बाजारचा माल घालावा? माझ्या घरात मुकुंदराव, बाजारचं काही येत नाही. घड्याळ कंपनीचं. औषध कंपनीचं. इंजिनाचं तेलसुद्धा सीलबंद डब्यातलं. सुशीला चेष्टा करायची, म्हणायची, मलाही कंपनीतून आणली असतीत.” त्यांनी टेबलाचा काठ धरला. “आणि एका मिस्त्रीच्या लोभापायी...”

“गाडीचं काम तुम्ही स्वतः काही करता?”

“मी? मी दफ्तरातला माणूस. आमच्या चार पिढ्या दफ्तरात. खंडेनवमीला बाकीचे तलवारी पूजतात, आम्ही दऊत पुजतो.” त्यांनी झाकण उचललं. शाई अगदी काठाला लागली होती, वर साय धरलेली. “या दिवशी घरातलं कुठलं भांडं अर्धं ठेवायचं नाही. दऊत काठोकाठ. समया, पाण्याचा हंडा, सगळं. वडील असेच भरायचे. मोटार आली तेव्हापासून तिचीही पूजा करतो.”

“या वर्षीही केलीत?”

“तेराला. सुशीलानंच हळदकुंकू वाहिलं.” त्यांनी झाकण पुन्हा बसवलं. ते दोनदा घसरलं.

“ब्रेकचं आधी काही जाणवलं होतं?”

“दसऱ्यानंतर गाडी जड चालत होती. कुणी मागून ओढून धरल्यासारखी. मला वाटलं, नवं रबर आहे, बसेल हळूहळू. मग त्या दिवशी उतारावर पाय दाबला, आणि पाय नुसता खाली गेला.”

मागच्या ओसरीवर घरात कामाला असलेल्या मालनबाई साहेबांचा पूजेचा रेशमी कद पाण्यात बुडवून चोळत होत्या. शेजारी पाच वर्षांची मुलगी बाहुलीला जेवू घालत होती. तिच्या केसांची एक वेणी घातलेली, दुसरी तशीच सुटलेली.

“एवढीच घालू देते,” मालनबाई मुकुंदरावांना म्हणाल्या. “दुसरी आई आल्यावर घालेन म्हणते. सांगून पाहिलं. ऐकत नाही.”

मुकुंदराव मुलीसमोर उकिडवे बसले. “नाव काय?”

“भारती.” तिने उजवा हात पाठीमागे लपवला.

“तिची बोटं पोळलीत,” मालनबाई म्हणाल्या. “मंगळवारी साहेब दफ्तरातून आले, हिचा चेंडू गाडीखाली गेला. काढायला गेली तर चाकाच्या लोखंडाला हात लागला. फोड आले. म्हणून बुधवारी बाईंनी हिला माझ्याकडं ठेवलं, निरोपाच्या जेवणाला नेलं नाही. नाहीतर...” त्यांनी कद जोरात पिळला. “आणि हा डाग बघा. तेराव्याला साहेबांना नेसायला लागणार, आणि गुडघ्यावर दोन्हीकडं तेल. रिठा लावला, शिकेकाई लावली. खंडेनवमीला नेसले होते, तेव्हाचं.”

मुकुंदरावांनी ओला कद हातात घेतला, डागावर अंगठा फिरवला आणि परत दिला.

“तू बाहुलीला कशात जेवायला देतेस?” त्यांनी भारतीला विचारलं.

तिने बाहुलीसमोरची वाटी उचलून दाखवली. काळी, रबरी, अंगठ्याच्या टोकावर बसेल एवढी.

“आईनं दिली. निवृत्तीकाकांनी आईला दिली, आईनं मला. ही मोडत नाही.”

मुकुंदरावांनी ती उजेडात धरली. एका बाजूला झिजलेली होती. पण काठ सरळ होता, रबर घट्ट होतं, आणि आतून बोटाला बारीक शिक्का लागत होता.

“चार दिवस मला देशील?”

तिने बराच वेळ विचार केला. “परत द्याल?”

“देईन.”

*

त्या संध्याकाळी मुकुंदरावांनी खिडकीत दोन बाटल्या मांडल्या. एकीत ब्रेकचं तेल, एकीत इंजिनाचं. दोन्हींत एक रबर कंपनीचं आणि एक बाजारचं. तोंडांना बूच.

“हे काय, लोणचं?” दत्तात्रयांनी विचारलं.

“तसंच. मुरू दे.”

“माझं मत सांगू? हिम्मतराव. छापील डबीत खोटा माल. मिस्त्रीलाही कळलं नाही.”

“मग चाकांतली सात वर्षांची रबरं का फुगली?”

दत्तात्रयांनी डोकं खाजवलं. रोज येऊन ते बाटल्यांकडे बघत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बघणं सोडलं आणि खुर्ची फिरवून बसायला लागले. चौथ्या दिवशी म्हणाले, “मुकुंदा, हे त्या माणसाला सांगायलाच हवं का?”

“निवृत्तीचं मूल आठ महिन्यांचं आहे,” मुकुंदराव म्हणाले.

*

तीस तारखेला दुपारी, तेरावं उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी, नरहररावांच्या टेबलाभोवती माणसं जमली. अमीनसाहेब, हिम्मतराव, दत्तात्रय, आणि दाराच्या चौकटीला टेकून केसरबाई, मुलाला घेऊन. मुकुंदरावांनी आधी मालनबाईंना सांगून भारतीला गच्चीवर पाठवलं. तिची पावलं जिन्यावरून वर जाईपर्यंत ते थांबले.

मग त्यांनी एका पांढऱ्या बशीत तीन रबरं ठेवली.

“पहिलं, निवृत्तीनं बारा तारखेला काढलेलं जुनं. दुसरं, त्यानं बसवलेलं नवं. तिसरं, चाकातलं. पहिलं आणि तिसरं एकाच वयाची, गाडी आली तेव्हाची. हिम्मतराव, बघा.”

हिम्मतरावांनी पहिलं बोटावर घेतलं. “शिक्का आहे. झिजलंय, पण ठीक.” तिसरं घेतलं. “हे फुगलंय. शिक्का पार गेला.” ते थांबले. “पण हेही कंपनीचंच असणार. विलायतेहून गाडीबरोबर आलेलं.”

“म्हणजे शिक्का नाही म्हणून माल बाजारचा, असं होत नाही. फुगलं की शिक्का पुसतो. नवं रबर बाजारचं होतं याला आपल्याकडे एवढाच पुरावा होता अमीनसाहेब, आणि तो गेला.”

अमीनसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “मग फुगलं कशानं?”

“चाकातली रबरं कुणी उघडली नाहीत, बोल्टवर सात वर्षांचा गंज होता. तरी ती बिघडली. त्यांच्याच वयाचं हे जुनं मात्र बारा तारखेला बाहेर निघालं, म्हणून वाचलं. म्हणजे जो काही बिघाड आत शिरला तो बाराच्या नंतर. आणि चाकांपर्यंत, पंपापर्यंत, सगळीकडे एकच गोष्ट पोचते. तेल.”

त्यांनी खिशातून दोन्ही बाटल्या काढल्या. “ब्रेकच्या तेलात दोन्ही रबरं जशीच्या तशी. इंजिनाच्या तेलात दोन्ही फुगली, कंपनीचंही आणि बाजारचंही. रबराच्या निवडीनं इथं काहीच ठरणार नव्हतं. फुगलेलं रबर आधी ब्रेक धरून ठेवतं, म्हणून गाडी जड चालते, चाकं तापतात, लहान मुलीची बोटं पोळतात. मग एक दिवस काठ दुमडतो आणि पाय नुसता खाली जातो.”

नरहरराव बाटलीकडे बघत होते.

“आता तुमचा पंचनामा,” मुकुंदराव म्हणाले. “टाकी काठोकाठ. निवृत्तीनं ती अर्धी सोडली होती. गावात ब्रेकचं तेल बावीसपर्यंत नव्हतं. मग वरचं अर्धं कुठून आलं? ही टाकी चालकाच्या पायाखाली असते, चटई उचलावी लागते. इंजिनात तेल घालणारा माणूस उभा असतो. हिच्यात घालायचं तर गाडीच्या दारात गुडघे टेकावे लागतात.”

वर गच्चीवर भारती कुणाला तरी काहीतरी सांगत होती.

“दोन्ही गुडघ्यांवर,” नरहरराव म्हणाले. “कदाला डाग.”

“हो.”

“पण तेल चांगलं होतं.” त्यांनी वर पाहिलं. “मुकुंदराव, नवा डबा फोडला होता. कंपनीचा. सीलबंद.”

“उत्तम तेल होतं. इंजिनाचं.”

केसरबाईंच्या मुलानं आवाज काढला, त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.

“खंडेनवमी होती,” नरहरराव म्हणाले. “दर वर्षी मी रेडिएटर भरायचो, बॅटरीत पाणी घालायचो. ही टाकी असते हेच मला ठाऊक नव्हतं. या वर्षी तिनं दाखवली. म्हणाली, निवृत्ती म्हणतो ही अर्धी आहे, तो आल्यावर भरेल. मी म्हटलं, आज घरात अर्धं काही ठेवायचं नसतं.” त्यांनी उजव्या हाताची बोटं दऊतीच्या झाकणावर ठेवली. “ती ताट घेऊन उभी होती. म्हणाली, अहो, दुसरं तेल चुकूनही घालू नका असं तो दोनदा बजावून गेलाय.”

हिम्मतरावांनी हातातलं रबर बशीत ठेवलं.

“मी म्हणालो, तो काय कंपनीपेक्षा शहाणा? ती गप्प बसली. तिला वाद आवडत नसे. कुंकू लावलं टाकीच्या झाकणाला.”

अमीनसाहेबांनी विचारलं, “हे आधी का नाही सांगितलंत?”

“आठवलंच नाही.” मग त्यांनी मान हलवली. “नाही. खोटं. इस्पितळात डोळे उघडले तेव्हाच आठवलं होतं. मग अमीनसाहेब, तुम्ही आलात आणि म्हणालात, रबर बाजारचं निघालं. मला इतकं बरं वाटलं. मी त्या वाक्याला धरून राहिलो. रोज पहाटे जाग आली की स्वतःला सांगायचो, रबर बाजारचं होतं.” त्यांनी दाराकडे पाहिलं, केसरबाईंकडे. नजर तिथे टिकली नाही. “कागद द्या.”

मुकुंदरावांनी कागद पुढे केला. नरहररावांनी दऊतीचं झाकण काढलं, टाक बुडवला. दऊत इतकी भरलेली होती की शाई काठावरून सांडली आणि कागदावर पसरली. दुसरा कागद घेतला. मोडलेल्या हातानं दऊत धरता येईना, ती हलली, पुन्हा सांडली.

केसरबाई चौकटीपासून पुढे आल्या. एका हातानं मूल सावरत दुसऱ्या हातानं त्यांनी ती दऊत घट्ट धरली.

नरहररावांचा टाक हवेतच थांबला. मग त्यांनी खाली मान घालून लिहायला सुरुवात केली. ‘मी खाली सही करणार...’ केसरबाईंची बोटं निळी होत गेली. लिहून होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

*

संध्याकाळी निवृत्ती ठाण्याबाहेर आला. अठरा दिवसांनी बाप बघून मूल आधी रडलं, मग त्याच्या शर्टाची गुंडी ओढायला लागलं.

“साहेब,” तो मुकुंदरावांना म्हणाला, “बाईंनी माझा निरोप सांगितला होता का?”

“शब्द न् शब्द सांगितला होता.”

निवृत्ती तिथेच पायरीवर बसला. “मला वाटलं, मीच घाईत नीट बोललो नाही. गाडी पकडायची होती. मला वाटलं, बाईंनीच भरलं असेल, पूजेच्या दिवशी, बायका भरतात तसं. हे कोणत्या तोंडानं बोलायचं?” त्याने शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. “दोन दिवस आधी गाडी मिळाली असती तर सोळाला पोचलो असतो. चाक हाताला गरम लागलं की कळलं असतं मला.”

केसरबाईंनी त्याला उठवलं नाही. त्याही शेजारी बसल्या.

*

एकतीस तारखेला काचीगुडा स्टेशनावर निम्मं दफ्तर निरोप द्यायला आणि निम्मं निरोप घ्यायला आलं होतं. कोर्टाचं बोलावणं आलं की औरंगाबादहून हजर राहीन असं नरहररावांनी लिहून दिलं होतं. ते डब्यात खिडकीशी बसले होते, कुणाशी बोलत नव्हते. भारतीच्या आता दोन्ही वेण्या घातलेल्या होत्या. एक वर, एक खाली; मालनबाईंनी हात लावला नव्हता, बापानं एका हातानं घातल्या होत्या.

मुकुंदरावांनी खिशातून एक छापील डबी काढली. “तुझी वाटी. आधीची कोर्टात ठेवावी लागते. ही अगदी तशीच आहे. कंपनीची, नवी.”

भारतीनं सील फोडलं. पोळलेल्या बोटांची कातडी आता सोलवटत आली होती. तिने ते कोरं रबर आतून बाहेरून बघितलं आणि खिडकीतून परत त्यांच्या हातात दिलं.

“ही नव्हे,” ती म्हणाली. “माझी आईनं दिलेली होती.”

नरहररावांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. गाडी सुटली. मुकुंदराव फलाटावर ते नवं रबर मुठीत धरून उभे होते.

मग ते स्टेशनाबाहेर आले, टांगा केला, आणि टांगेवाल्याला ठाण्याकडे घ्यायला सांगितलं.

“आता तिकडं कशाला?” दत्तात्रयांनी विचारलं.

“अमीनसाहेबांना विचारतो,” मुकुंदराव म्हणाले, “कोर्टाला नवी वाटी चालते का.”